जीव घाबरा होतो तेव्हा

भिवंडीहून वाड्याच्या रस्त्याने निघाले की अंबाडीला डावीकडे वळावे लागते. तेथून वज्रेश्वरी, आणि देवीच्या मंदिरापासून थोड्याच अंतरावर तानसा नदीच्या काठी अकलोली. पोर्तुगीजांकडून वसई घेण्यासाठी निघालेल्या चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला आणि १७३९ साली वसई सर झाल्यावर मंदिर उभारून तो फेडला, हा इतिहास या वाटेवर येणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असतो. अकलोलीला मात्र लोक येतात ते मुख्यतः रामेश्वराच्या मंदिरालगतच्या ऊन पाण्याच्या कुंडांसाठी. देवीने संहारलेल्या दैत्यांच्या रक्ताने हे पाणी ऊन झाले, असे गावकरी सांगतात. जमिनीत खोल मुरलेले पाणी तापून खडकांच्या भेगांतून वर येते, असे भूशास्त्र सांगते. सांधेदुखीला आणि त्वचेच्या विकारांना या पाण्याचा गुण येतो, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे, आणि पौषातल्या थंडीत त्या पाण्यात उतरण्याचे सुख निराळेच, हे मीही मान्य करीन.

तीन वर्षांपूर्वीच्या पौषात आम्ही घरची अकरा माणसे तेथे गेलो होतो. माझी धाकटी जाऊ त्या वेळी चौतीस वर्षांची होती. दोन मुलांची आई, घरच्या सुताच्या व्यापाराचा सगळा हिशेब सांभाळणारी, हसतमुख आणि आमच्या घरातली सर्वांत धीट बाई. (हे सारे मी तिच्या अनुमतीनेच लिहीत आहे. ‘नाव तेवढे घालू नका, ताई, बाकी सगळे लिहा,’ असे ती म्हणाली.) आदल्या दिवशी तिचे एकासन होते. सकाळी नवकारसीनंतर तिने फक्त दोन पेले कडक चहा घेतला. कुंडात ती वीसेक मिनिटे बसली असेल. मुलगा हाक मारतो आहे असे वाटून ती झटकन उठली, दोन पायऱ्या चढली आणि तिसऱ्या पायरीवर बसली.

“ताई, माझे काही खरे नाही. मी चालले. मुलांकडे बघा.”

तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ओठ बधिर झाले आहेत, असे ती सांगत होती. हाताची बोटे आतल्या बाजूस आकडून ताठ झाली होती आणि ती सोडवता येत नव्हती. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. पाच मिनिटांत भोवती तीसचाळीस माणसे गोळा झाली. कोणी पदराने वारा घालीत होते. कोणी फोडलेला कांदा तिच्या नाकाशी धरला. आमच्या घरात कांदा येत नाही, पण त्या घटकेला ते बोलायला कोणाला सुचणार? गर्दीतून एक बाई ठामपणे म्हणाली, “अंगात आलंय, देवीचं ठिकाण आहे.” दुसऱ्याने हृदयविकाराचा झटका असल्याचे सांगून टाकले. भाऊजींनी तिला उचलून गाडीत घातले आणि वाडा रस्त्याच्या खड्ड्यांतून भिवंडी गाठली.

दवाखान्यात पोहोचेपर्यंत तिची बोटे सैल झाली होती. हृदयाचा आलेख निर्दोष आला, रक्तदाब ठीक होता, साखर ठीक होती. “काही नाही, गॅस आहे. टेन्शन घेऊ नका,” असे सांगून आम्हांला घरी पाठविण्यात आले. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. आमचा खरा त्रास त्यानंतर सुरू झाला.

त्या पायरीवर काय घडले

त्या दिवशी काय झाले हे आम्हांला समजायला नऊ महिने लागले. ते त्याच दिवशी कोणी दहा मिनिटे समजावून सांगितले असते, तर ते नऊ महिने वाचले असते. म्हणून वाचकांपुढे ते जरा तपशिलाने मांडते.

ऊन पाण्यात बसले की त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. शरीरातली उष्णता बाहेर टाकण्याची ही व्यवस्था. रक्त त्वचेकडे वळल्याने रक्तदाब थोडा उतरतो आणि तो सावरण्यासाठी हृदय वेगाने चालू लागते. अशा स्थितीत एकदम उभे राहिले की रक्त पायांकडे उतरते, मेंदूला क्षणभर कमी पडते, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि हृदय आणखी जोराने धडधडते. त्यात पोट रिकामे आणि अंगात दोन पेले चहाची उत्तेजना. इथपर्यंत जे झाले त्यात आजार असा काहीच नव्हता. तुमचे, माझे, कोणाचेही शरीर हेच करील.

पुढचे मात्र मनाने केले. धडधड जाणवताच तिच्या मनात पहिला विचार आला तो हृदयाचा. तिचे वडील दोन वर्षांपूर्वी असेच सकाळी उठून बसले होते आणि बसल्या जागी गेले होते. ‘मलाही तेच होते आहे’ हा विचार येताच मेंदूने धोक्याची घंटा वाजविली. वाघ समोर आला असता तर जी वाजली असती तीच ही घंटा. अ‍ॅड्रिनलिन रक्तात उतरते, हृदय अधिक धावते, घाम फुटतो, पोटात गोळा येतो, हातपाय कापतात. पळण्याची किंवा लढण्याची सारी सिद्धता होते, पण समोर वाघ नसतो, त्यामुळे मनाला ही सिद्धताच मृत्यूची खूण वाटते. भीतीमुळे धडधड वाढते आणि धडधडीमुळे भीती. इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली हे चक्र नेमक्या शब्दांत मांडले. शरीरातल्या निरुपद्रवी संवेदनेचा भयंकर अर्थ लावणे हे या विकाराचे मूळ आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यावर आधारलेले उपचार आज जगभर दिले जातात.

आणि ती आकडलेली बोटे? आम्हां सर्वांना सर्वाधिक भिववले होते ते त्यांनीच. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो. आपल्याला वाटते त्याला हवा कमी पडते आहे. वस्तुतः तो गरजेपेक्षा जास्त श्वास घेत असतो. रक्तात प्राणवायू भरपूर असतो, परंतु कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर उतरतो. त्याने मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि गरगरते; रक्तातील मुक्त कॅल्शियम कमी होऊन ओठांना व बोटांना मुंग्या येतात, स्नायू आखडतात. श्वास संथ झाला की काही मिनिटांत हे सारे आपोआप ओसरते. झटक्याची तीव्रता बहुधा दहा मिनिटांच्या आत शिगेला पोहोचते आणि अर्ध्या तासात तो विरतो. शरीर ती चढती अवस्था फार काळ टिकवूच शकत नाही. त्या दहा मिनिटांत मात्र रुग्णाला आपण मरत आहोत किंवा वेडे होत आहोत असे खरोखरच वाटत असते. तो नाटक करीत नसतो.

वैद्यकशास्त्र याला ‘पॅनिक अटॅक’ म्हणते. धडधड, घाम, कंप, धाप, गुदमरणे, छातीत दुखणे, मळमळ, गरगरणे, थंडी वाजणे किंवा अंग तापणे, मुंग्या, सभोवतालचे जग खोटे वाटणे, ताबा सुटण्याची भीती, मरणाची भीती अशा तेरा लक्षणांपैकी किमान चार एकाएकी उद्भवली, तर तो पॅनिक अटॅक समजतात. आयुष्यात एखादा झटका अनेकांना येऊन जातो आणि तेवढ्यावर संपतो. विकार तो तेव्हा, जेव्हा झटके अकारण पुन्हा पुन्हा येतात आणि ‘पुढचा कधी येईल’ या धास्तीने महिना महिना माणसाचे वागणे बदलून जाते.

येथे एक सावधगिरी सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. हा लेख वाचून कोणी घरच्या घरी निदान करू नये. छातीत प्रथमच दुखत असेल, कळ हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे जात असेल, दुखणे श्रमाने वाढत असेल, शुद्ध हरपली असेल, वय चाळिशीपुढचे असेल, मधुमेह, रक्तदाब किंवा तंबाखू यांची पार्श्वभूमी असेल, तर ‘घाबरली असेल’ असे म्हणून थांबू नये. १०८ वर दूरध्वनी करावा किंवा जवळचे रुग्णालय गाठावे. स्त्रियांमध्ये हृदयविकाराची लक्षणे पुष्कळदा पुस्तकी नसतात. दम लागणे, मळमळ, विलक्षण थकवा एवढ्यावरच ती भागतात, आणि नेमके म्हणूनच ती ‘घाबरण्यात’ जमा होतात. थायरॉइडची अतिक्रियाशीलता, रक्तक्षय, दमा, हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितता, साखर उतरणे यांतूनही हुबेहूब असेच चित्र उभे राहू शकते. तेव्हा पहिली पायरी शरीराच्या तपासणीचीच. फक्त तपासणी निर्दोष आली म्हणजे ‘काही नाही’ असा अर्थ करू नये. हृदयात काही नाही, एवढाच तो अर्थ.

नऊ महिने

अकलोलीहून आल्यावर पंधरा दिवसांनी तिला बाजारात झटका आला. नंतर एकदा मध्यरात्री झोपेतून दचकून उठली. झोपेतही हे झटके येतात, हे आम्हांला तेव्हा माहीत नव्हते. मग तिने बाजार सोडला. मग लोकलगाडी सोडली. स्थानकात प्रवचनाला ती दाराजवळ बसू लागली, म्हणजे वेळ आली तर लगेच निघता यावे. काही दिवसांनी प्रवचनही सोडले. चहा सोडला हे बरे केले, परंतु जिना चढणेही सोडले, कारण चढताना हृदय धडधडे. पर्समध्ये पाण्याची बाटली, जिभेखाली ठेवायची गोळी (ती कोणी दिली, कशासाठी दिली, देव जाणे) आणि भाऊजींचे दवाखान्याचे कागद असल्याशिवाय ती उंबरा ओलांडीना. हृदयाचा आलेख नऊ महिन्यांत पाच वेळा काढला. प्रत्येक वेळी निर्दोष, आणि प्रत्येक वेळी समाधान टिके ते चार दिवस.

घरच्यांनी काय केले? मी प्रामाणिकपणे लिहिते. पहिले दोन महिने आम्ही तिला जपले. इतके जपले की तिचे जग आम्हीच लहान करीत गेलो. तिच्याऐवजी बाजार मी करू लागले, मुलांच्या शाळेत मी जाऊ लागले. तिसऱ्या महिन्यापासून आम्ही कंटाळलो. कोणी म्हणाले, मन गुंतवत नाही. कोणी म्हणाले, धर्माराधना कमी पडते. ‘एवढे सगळे असून हिला काय कमी आहे?’ हा प्रश्न तर मी स्वतः विचारला, तिच्या पाठीमागे, आणि तो तिने ऐकला. त्याबद्दल तिची क्षमा मी संवत्सरीला मागितली. पण ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणताना कशाबद्दल ते मोठ्याने सांगायला मला आणखी एक वर्ष लागले.

मराठी भाषेला हा अनुभव अपरिचित नाही. धसका, धास्ती, धडकी, हाय खाणे, काळजाचे पाणी होणे, जीव कासावीस होणे हे शब्द आपल्या आज्या सहज वापरीत. भय शरीरात कोठे उतरते हे त्यांना बरोबर माहीत होते. पण ‘घाबरट’ हा शब्दही आपलाच, आणि तो आपण बायकांवर व मुलांवर चटकन चिकटवतो. म्हणून येथे एक जुनी हकीकत सांगावीशी वाटते. अमेरिकेतील यादवी युद्धानंतर, १८७१ साली, जेकब डा कोस्टा या वैद्याने तीनशे सैनिकांच्या नोंदींवरून एक निबंध प्रसिद्ध केला. छातीत धडधड, कळा, धाप, गरगरणे अशा या सैनिकांच्या तक्रारी होत्या, आणि पुष्कळांच्या हृदयात दोष मात्र सापडत नव्हता. पुढे त्याला ‘सैनिकाचे हृदय’ असेही म्हणू लागले. तोफांपुढे उभे राहिलेल्या पुरुषांना जे झाले, तेच माझ्या जावेला कुंडाच्या पायरीवर झाले असेल, तर त्यात भित्रेपणाचा प्रश्न कोठे येतो?

ऑस्ट्रेलियातील डॉ. क्लेअर वीक्स यांची गोष्ट याच धाग्याची आहे. तरुण वयात त्या प्राणिशास्त्राच्या संशोधक होत्या. क्षयाचे चुकीचे निदान होऊन त्यांना काही महिने आरोग्यधामात काढावे लागले आणि बाहेर आल्या त्या छातीची धडधड आणि अखंड भीती घेऊन. पहिल्या महायुद्धात लढलेल्या एका मित्राने त्यांना सांगितले की खंदकांतल्या सैनिकांनाही असेच होई. तुम्ही भीतीलाच भीत आहात. या एका वाक्याने त्यांची वाट मोकळी झाली. पुढे त्या वैद्यक शिकल्या आणि १९६२ मध्ये त्यांचे पुस्तक आले. भीतीला सामोरे जा, ती स्वीकारा, तिच्यावर तरंगत राहा, काळ जाऊ द्या, असे त्यांचे सांगणे होते. झगडू नका, हा त्यातला गाभा. आजच्या उपचारपद्धतीत वेगळ्या शब्दांत तेच आहे.

ठाण्याला

दहाव्या महिन्यात आमच्या जुन्या कुटुंबवैद्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्याचा सल्ला दिला आणि ठाण्यातील एक नाव सुचविले. सासूबाईंनी जेवणाचे ताट दूर सारले. “ठाण्याला? आमच्या सुनेला ठाण्याला?” तरुण वाचकांना यातले काही कळणार नाही. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. आमच्या पिढीत ‘याला ठाण्याला पाठवा’ ही वर्गात आणि लग्नमंडपात केली जाणारी थट्टा होती. ज्या शहराचे नाव आपण शिवीसारखे वापरले, त्याच ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसिक आरोग्यासाठी संस्था उभी केली आणि मनाच्या दुखण्याविषयी मोकळ्या मराठीत बोलायला हजारोंना शिकविले, हे सासूबाईंना कोणी सांगितले नव्हते. अखेर भाऊजींनी ‘ठाण्याला सुताचे काम आहे’ असे सांगून तिला नेले. तेवढे मृषावाद त्यांच्या खाती असो.

तेथे दोन गोष्टी झाल्या. एक औषध. सर्ट्रालिन, एसिटालोप्राम या गटातील औषधे या विकारात दिली जातात. त्यांचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि प्रारंभीच्या दिवसांत अस्वस्थता किंचित वाढूही शकते. म्हणून मात्रा अल्प ठेवून हळूहळू वाढवितात. पुष्कळ रुग्ण नेमके याच पंधरवड्यात ‘औषध सोसत नाही’ म्हणून सोडून देतात. बरे वाटू लागल्यावरही ती सहसा सहा महिने ते वर्षभर चालू ठेवावी लागतात. दुसरा एक गट आहे अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांचा. त्या अर्ध्या तासात शांत करतात, म्हणून फार लोकप्रिय आहेत, आणि सवय जडवितात, म्हणून फार जपून द्यावयाच्या आहेत. शेजारीण किंवा नणंद आपल्या डबीतली अर्धी गोळी काढून देते, तो प्रेमाचा प्रकार मी आमच्याच इमारतीत पाहिला आहे. कृपा करून तो थांबवावा.

दुसरी गोष्ट बोलण्याची आणि सरावाची, आणि ती मला औषधाहून अधिक विस्मयकारक वाटली. समुपदेशक बाईंनी तिला दुसऱ्याच भेटीत सांगितले की आता आपण मुद्दाम दोन मिनिटे भराभर श्वास घेऊ. जावेचा विश्वास बसेना. तिने घेतले, आणि तीच गरगर, त्याच मुंग्या, ओठांचा तोच बधिरपणा! अकलोलीची सारी लक्षणे खुर्चीत बसून, हृदयाला काही न होता, स्वतःच्या हाताने तिने उभी केली. नंतर श्वास संथ केल्यावर ती स्वतःच मावळली. त्या दिवशी घरी येताना गाडीत ती रडली आणि मग बराच वेळ हसत होती. पुढच्या आठवड्यांत जागच्या जागी धावणे, स्वतःभोवती गोल फिरणे, चार मजले न थांबता चढणे, असा पाठ चालला. ज्या संवेदनेची भीती तीच थोडी थोडी भेटवायची, पळून न जाता तिच्याजवळ थांबायचे. मग बाजार, एकटीने. मग लोकल, आधी एक स्थानक, मग तीन. पर्समधली बाटली काढून ठेवणे तिला सर्वांत जड गेले.

आपल्या घरांत एक प्रश्न हमखास येतो तो तपश्चर्येचा. रात्री चौविहार असेल तर गोळी केव्हा? पर्युषणात अठ्ठाई करायची असेल तर? पुष्कळजण आठ दिवस गोळी बंद ठेवतात आणि कोणालाही सांगत नाहीत. ही औषधे एकाएकी थांबविल्यास गरगरणे, मळमळ, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखे होणे, बेचैनी असे त्रास होऊ शकतात आणि रुग्णाला वाटते की आजार उलटला. वास्तविक हा प्रश्न डॉक्टरांपुढे मोकळेपणाने ठेवण्यासारखा आहे. आमच्या डॉक्टरांनी गोळीची वेळ रात्रीवरून सकाळी नवकारसीनंतरची केली. त्याने काही बिघडले नाही. अठ्ठाईविषयी तिने साध्वीजींना विचारले. त्यांनी त्या वर्षी बियासणे करण्यास सुचविले आणि औषध थांबवू नको, असे स्पष्ट सांगितले. मला वाटते, त्या दिवशी सासूबाईंचा विरोध निम्मा सरला.

ध्यानाविषयीही थोडे लिहिले पाहिजे, कारण असा रुग्ण दिसला की ‘कायोत्सर्ग कर, सगळे ठीक होईल’ असा सल्ला आपण लगेच देतो. कायोत्सर्गात शरीराची आसक्ती सोडून त्याच्याकडे साक्षीभावाने पाहणे अभिप्रेत आहे, आणि वर सांगितलेल्या उपचाराशी त्याचे नाते आहे, हे मला मान्य आहे. परंतु विकार ऐन भरात असताना डोळे मिटून शांत बसले की काहींना स्वतःच्या हृदयाचा ठोका अधिकच मोठ्याने ऐकू येतो आणि तेथेच झटका येतो. जावेला सामायिकात दोनदा असे झाले, आणि ‘माझे ध्यानही लागत नाही, मी पापी’ अशी नवी भर तिच्या दुःखात पडली. तिने प्रारंभी डोळे उघडे ठेवून, चालत चालत नवकार म्हटला; अठ्ठेचाळीस मिनिटांची बैठक पुढे हळूहळू जमली. आपल्या शास्त्रकारांनी सात भये सांगितली, त्यांत आकस्मिक भय आणि मरणभय वेगवेगळी गणली. भय ही गोष्ट एवढ्या बारकाईने निरखणाऱ्या परंपरेतील माणसांनी भयग्रस्ताला दोष देऊ नये, एवढीच माझी विनंती आहे.

झटका आलेल्या माणसाजवळ आपण असलो तर काय करावे, हे मला त्या पायरीवर माहीत असायला हवे होते. गर्दी हटवावी. त्याला बसवावे, पळवत नेऊ नये. ‘घाबरू नकोस’ हे शब्द निरुपयोगी असतात, कारण न घाबरणे त्याच्या हातात असते तर तो घाबरलाच नसता. त्यापेक्षा ‘मी येथे आहे, हे चढेल आणि उतरेल’ असे हळू, खालच्या आवाजात सांगावे. आपण स्वतः संथ श्वास घ्यावा आणि त्याला बरोबर घ्यावे. चार अंक मोजत आत, सहा अंक मोजत बाहेर. बाहेर सोडणे लांब असावे. ‘खोल श्वास घे’ असे ओरडू नये, त्याने तो आणखी भराभर घेतो. कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावण्याची जुनी पद्धत आता सुचवीत नाहीत, कारण दुखणे दम्याचे किंवा हृदयाचे निघाले तर तिने घात होऊ शकतो. समोरच्या पाच वस्तूंची नावे सांगायला लावणे, हाताला दगडाचा किंवा भिंतीचा गार स्पर्श देणे, यांनी मन शरीराबाहेर येते. आणि झटका ओसरल्यावर त्याला लगेच उचलून घरी नेऊ नये. शरीराची तपासणी आधी झालेली असेल आणि निदान ठाऊक असेल, तर तेथेच थोडे थांबावे. नाहीतर ती जागाच त्याच्या मनात शत्रू होऊन बसते.

ज्यांना ठाण्या-मुंबईपर्यंत जाणे शक्य नाही, त्यांच्यासाठी केंद्र शासनाची टेली-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक, अहोरात्र, विनामूल्य, आणि मराठीतही बोलता येते. अंबाडीच्या पुढच्या पाड्यावरूनही तो लागतो.

गेल्या मार्गशीर्षात जाऊ म्हणाली, “ताई, अकलोलीला जाऊ या.” समुपदेशक बाईंच्या यादीतले हे शेवटचे नाव होते, दीड वर्ष राहून गेलेले. या वेळी आम्ही दोघीच गेलो. तिने घरून पोहे खाऊन निघण्याचा शहाणपणा केला. कुंडाशी पोहोचल्यावर ती बराच वेळ त्या तिसऱ्या पायरीकडे पाहत उभी राहिली. मग पाण्यात उतरली, गुडघ्यांपर्यंत, कमरेपर्यंत, आणि बसली. पाच मिनिटांनी तिने माझा हात तिच्या मनगटावर ठेवला. नाडी धावत होती.

“होतंय का?” मी विचारले.

“होतंय,” ती म्हणाली. “होऊ दे. तुम्ही बोलत राहा.”

मी काय बोलावे ते मला सुचेना, म्हणून मी त्या वर्षीच्या सुताच्या भावाविषयी विचारले. तिने मला सविस्तर सांगितले, मध्ये मध्ये थांबून, श्वास सोडत. दहाएक मिनिटांनी ती हळूच उठली, कठड्याला धरून क्षणभर थांबली, आणि एक एक पायरी चढून वर आली. तिसऱ्या पायरीवर ती मुद्दाम बसली आणि तेथेच केस पुसले.